वैनी भाईर बसल्यात

फेब्रुवारीत चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या परसातले पक्षी मोजतात. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उद्योग २०१३ पासून आपल्याकडेही चालतो. फी नाही, प्रवास नाही. एका जागी किमान १५ मिनिटं बसायचं, जे दिसेल-ऐकू येईल ते मोजायचं आणि ॲपवर यादी टाकायची. घरच्या बाईने सकाळी सात वाजता काही न करता १५ मिनिटं बसायचं, ही अट ज्याने घातली तो साताऱ्यात राहिलेला नसणार.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मागे बाग आहे, म्हणजे शेवगा, कढीपत्ता, पपई, दोन जास्वंदी, पाण्याची टाकी आणि धुण्याचा दगड. त्या दगडावर मुलाची दुर्बीण गळ्यात घालून मी बसले. लगेच दोन साळुंक्या आणि तीन लालबुड्या बुलबुल मिळाले. तेवढ्यात भांड्यांच्या मावशी आल्या.

"वैनी, बरं न्हाय व्हय?"

"बरी आहे. नुसती बसलेय."

"त्येच म्हनलं. बसलायसा."

मावशी आत गेल्या आणि सासूबाईंना त्यांनी खणखणीत आवाजात वर्दी दिली, "आज्जी, वैनी भाईर बसल्यात."

माझं वय चोपन्न. सासूबाई काठी विसरून बाहेर आल्या.

खुलासा ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या पायरीवर ठाण मांडून बसल्या. "मग लिही, भारद्वाज एक."

"कुठाय?"

"काल होता की टाकीवर. परवाही होता."

"आई, आत्ता दिसलेलाच लिहायचा असतो."

"तो रोज येतो. आज तू मोजायला बसलीस म्हणून त्यानं मस्टरवर सही करायला यायचं का? शुभ पक्षी आहे, पहिला लिही."

हा शुभ पक्षी गोगलगायी आणि सरडे खातोच, शिवाय दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लंही गिळतो. हे मी सासूबाईंना सांगत नाही. सकाळी भारद्वाज दिसला की त्या दिवशी त्यांची गुडघेदुखी कमी असते आणि स्वयंपाकातल्या सूचनाही.

मग जास्वंदीवर शिंजीर आला. या दिवसांत नर असा निळा-जांभळा झळकतो की दुर्बीण लावली तरी खरा वाटत नाही. जास्वंदीचं फूल त्याच्या चोचीच्या मानाने खोल, म्हणून तो समोरून शिरायच्या भानगडीत न पडता देठाजवळ भोक पाडून मध ओढतो. मी श्वास रोखला. सासूबाई उठल्या, परडी घेऊन जास्वंदीकडे चालत गेल्या आणि गणपतीची फुलं तोडू लागल्या. शिंजीर अर्थातच पसार. वर त्यांनी ते भोक मला दाखवलं. "बघ, उष्टं करून गेला मेला! आता हे देवाला कसं वाहायचं?" यादीत तो 'एक' असा गेला, देव्हाऱ्यात त्याच्यापायी फुलं दोन कमी पडली.

कोकीळ ओरडला. "कोकिळा किती गोड गातेय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, गातो तो नर. काळा, लाल डोळ्यांचा."

"आणि बाई?"

"ती तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. नुसतं किक्-किक् करते. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि मोकळी होते. पुढचं सगळं कावळा बघतो."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "शहाणी आहे," म्हणाल्या, आणि मुलाच्या खोलीच्या खिडकीकडे उगाचच बघितलं.

सातभाईंची टोळी कढीपत्त्याखाली उतरली. हे मोजणं म्हणजे शिक्षाच. सगळे एका रंगाचे, मळकट. पाचोळा उडवत, एकमेकांवर खेकसत सतत जागा बदलतात. मी सहा मोजले, टाकीमागून दोन निघाले, सहातला एक मागे गेला की नवा आला हे ठरवत होते, इतक्यात मागचं दार धाडकन उघडलं. "अगं, माझा टॉवेल?" टॉवेल माझ्या डोक्यावर दोरीला लटकत होता. यांनी तो घेतला, मला बघितलं, "बरी आहेस ना?" विचारलं आणि उत्तर न ऐकता गेले. सातभाईही गेले.

राहिला तांबट. टुक् टुक् टुक् कधीचं चालू होतं, पण हा पक्षी ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. उंबरावर असणार, एवढं नक्की. उंबर शेजारच्या अण्णांचा, आणि त्यामागे अण्णांची गॅलरी. मी दुर्बीण एकेका फांदीवरून सरकवत गेले. हिरवं अंग, पिवळा गळा, कपाळावर लाल टिळा शोधत होते, सापडलं बनियन. अण्णा कपालभाती करत होते. टुक्, फुस्, टुक्, फुस्. आमची नजर मिळाली. म्हणजे माझी आठपट मोठी मिळाली. अण्णांनी पोट जे आत ओढलं ते बाहेर सोडलंच नाही. तांबट त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर निष्पर्ण फांदीवर बसला होता, पण हे त्यांना ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यात खारीने चिरचिराट केला आणि बाग एकदम रिकामी झाली. शेवग्यावर शिक्रा येऊन बसला होता. त्याला बघून मात्र सासूबाईसुद्धा गप्प झाल्या. एक मुंगूस भिंतीच्या कडेने टाकीखाली गेलं. त्याला यादीत जागा नाही.

दुपारी अण्णा आले. शर्ट इस्त्रीचा. मी तांबटाची हकीकत सांगितली, फोटोही दाखवला. ते बराच वेळ गप्प होते.

"वहिनी, उंबर आमचा ना?"

"हो अण्णा."

"मग तांबट तुमच्या यादीत कसा?"

"झाड कुणाचं ते बघत नाहीत. मोजणारा बसलाय कुठे ते बघतात."

"म्हणजे मी आमच्या गॅलरीतून बघितलं, तर तुमचा शिंजीर माझा?"

"तुमचाच."

अण्णा प्रसन्न झाले. संध्याकाळी त्यांनी माझ्या मुलाला फोन करून दुर्बीण कुठे मिळते, केवढ्याला मिळते, सगळं विचारून घेतलं. आमची गॅलरी उंचावर, तिथून तुमची अख्खी मागची बाजू दिसते, असंही आनंदाने म्हणाले.

मी धुणं वाळत घालायची दोरी दुसऱ्या दिवशीच टाकीच्या पलीकडे नेली.