चपटी पद्मिनी

माझ्या १९५७ सालच्या स्पोर्ट्स कारला आमच्या इमारतीत हल्ली ‘चपटी पद्मिनी’ म्हणतात, आणि ती गाडी मुळात अस्तित्वातच नाही या गोष्टीने कुणाला काडीचाही फरक पडलेला दिसत नाही.

तिचे खरे नाव सौदामिनी. ‘ऑटोमेशन’ नावाच्या संगणकावरच्या खेळात मी ती घडवली. या खेळात १९४६पासून पुढचे एखादे साल निवडायचे आणि त्या काळात जे तंत्र उपलब्ध होते तेवढ्यावर इंजिनापासून दाराच्या हँडलपर्यंत अख्खी गाडी रचायची. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब, जरा वाढवले की त्या काळच्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागते, म्हणजे आतून ठोके देते, कमी केले की ताकद जाते, आणि या दोहोंच्या मधला बिंदू शोधण्यात माणसाची रात्र जाते. सौदामिनीला मी सरळ रांगेतले सहा सिलिंडर दिले. ८० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (दट्ट्याची धाव), म्हणजे २,७१४ सीसी. वर दोन कॅमशाफ्ट आणि शेजारी तीन कार्ब्युरेटर. साल १९५७ एवढ्यासाठी, की मर्सिडीजची ३०० एसएल १९५४ साली आली आणि जॅग्वारची ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरली. या दोघींच्या मधल्या काळात आपल्या मुंबईतही एखादी देखणी गाडी जन्माला आली असती तर ती कशी दिसली असती, असा माझा निरुपद्रवी प्रश्न होता.

पुढच्या जाळीभोवतीची क्रोमची पट्टी केसभर वर घ्यावी की खाली, या विचारात मी असताना तळमजल्यावरचे काका पाण्याच्या टाकीच्या सफाईचे परिपत्रक घेऊन सहीसाठी आले. काका निवृत्त आहेत. नोकरीची सारी वर्षे त्यांनी मोटारींच्या कारखान्यात, बॉडी शॉपमध्ये काढली. आम्ही राहतो कुर्ल्याच्या नेहरूनगरात. पद्मिनी मोटार जिथे तयार होत असे तो कारखाना रुळांच्या पलीकडे, कुर्ला पश्चिमेला होता आणि तिथल्या रस्त्याला लोक अजूनही प्रीमियर रोडच म्हणतात. अशा वस्तीत मोटारीचे चित्र उघडे ठेवून दाराची कडी काढणे धोक्याचे असते.

काका पलंगावर बसले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“डिकी कुठे आहे?”

“काका, ही स्पोर्ट्स कार आहे.”

“असू दे की. डिकी कुठे आहे?”

मी सांगितले की, मागे जी निमुळती उतरण दिसते तिच्याखाली स्टेपनीपुरती जागा आहे आणि ती उतरणच या गाडीचे खरे सौंदर्य आहे. काकांनी सौंदर्य बाजूला ठेवले.

“गणपती कुठे ठेवणार?”

“गणपती?”

“चतुर्थीला आणणार ना? का गाडी दारात उभी असताना बाप्पाला रिक्षाने आणणार?”

“शेजारच्या सीटवर कुणीतरी मांडीवर घेऊन बसेल.”

“मग ताशावाला पोरगा कुठे बसेल? वहिनी कुठे बसतील? आणि मे महिन्यात गावाहून येताना फणस कुठे टाकणार? बॉनेटवर बांधणार? बॉनेट लांब आहे म्हणा, चारपाच फणस राहतील.”

त्यानंतर त्यांनी गियरचा दांडा पाहिला. दोन सीटच्या मध्ये, आखूड, लाकडी मुठीचा तो दांडा निवडताना मला विलक्षण आनंद झाला होता. काकांच्या मते दांडा स्टिअरिंगलाच हवा, कारण पद्मिनीला तो तिथे होता, त्यामुळे पुढची सीट सलग ठेवता येत असे आणि ड्रायव्हरशेजारी दोन माणसे आरामात बसत. “मध्ये दांडा घालायचा म्हणजे तिसऱ्याने बसू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय,” असे ते म्हणाले, आणि माझ्या स्वभावाविषयी त्यांना बरेच दिवस असलेली शंका फिटल्यासारखे त्यांनी मान हलवली. मग त्यांनी इंजिन विचारले. मी आकडे सांगितले. त्यांनी लगेच पाढे म्हणावेत तसे आपले आकडे सांगितले: बोअर ६८, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार, १,०८९ सीसी. एवढ्यात पाच माणसे, त्यांचे सामान आणि वर टपावरची ट्रंक खंडाळ्याचा घाट चढून जात असे. मग २,७१४ सीसी कशाला?

“वेगासाठी, काका. ही ताशी २०५ किलोमीटर जाते.”

“कुठे?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि कुर्ल्यात राहणाऱ्या कुणापाशीही असण्याची शक्यता नाही.

“बरं, अॅव्हरेज किती देते?”

“लिटरला सहा.”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. वास्तविक मी इथे थांबायला हवे होते, पण माणसाला आपल्या कलेची बाजू मांडण्याची खुमखुमी असते. मी त्यांना ३०० एसएलचे छायाचित्र दाखवले. तिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात, याचे कारण तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा असून तो बाजूंनी एवढा उंच आहे की नेहमीच्या दाराला जागाच उरत नाही, हेही समजावले. काकांचा चेहरा प्रथमच उजळला.

“ही शहाणी गाडी. आपल्या पार्किंगमध्ये दार बाजूला उघडतच नाही, मी रोज बघतो. तो दुसऱ्या मजल्यावरचा खिडकीतून उतरायचा बाकी राहिलाय. दार वरच उघडायला हवं. जर्मन लोकांनी विचार केलाय.” मग त्यांनी चुना लागलेले बोट सौदामिनीच्या उजव्या दिव्यावर टेकवले. “हिचं नाव काय म्हणालास?”

“सौदामिनी.”

“पद्मिनीची बहीण. तरीच म्हटलं, तोंडवळा ओळखीचा वाटतोय. कुणीतरी वर बसून चपटी केलेली.”

सही न घेताच ते गेले. चुन्याचा ठिपका मात्र ठेवून गेले.

पद्मिनीशी माझे वैर नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथे पुढे फिॲट ११०० तयार होऊ लागली, तिचीच पद्मिनी झाली आणि त्या पद्मिनीने काळ्यापिवळ्या रंगात या शहराला दशकानुदशके वाहून नेले. टॅक्सींच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा मलाही हुरहुर लागली होती. पण म्हणून जगातल्या प्रत्येक मोटारीने पाच माणसे आणि एक ट्रंक यांचा हिशेब द्यावा, हा कुठला न्याय? जॅग्वारने १९४८ साली एक्सके १२० काढली तेव्हा नावातला १२० हा आकडा ताशी मैलांचा होता, पिशव्यांचा नव्हता. आमच्याकडे त्या काळात परवाना मिळालेले मोजके कारखाने मोजकी मॉडेल्स काढत, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत असे आणि मिळेल ती गाडी पेढे वाटून घरी आणत असे. अशा लोकांकडे वेगाविषयी स्वप्न पाहायला सवड राहिली नसेल, हे मी समजू शकतो. मला समजत नाही ते एवढेच की आता, माझ्याच खोलीत, माझ्याच विजेच्या बिलावर, पेट्रोलचा थेंब न जाळणाऱ्या गाडीचेही अॅव्हरेज मला का विचारले जावे.

माझ्याकडे खरी गाडी नाही. घ्यायची म्हटली तरी सोसायटीत उभी करायला जागा नाही आणि रस्त्यावर उभी केली तर टोइंगवाला उचलून नेईल. सकाळी मी लोकलच्या दारात एका पायावर उभा असतो, संध्याकाळी स्टेशनबाहेर तीन रिक्षावाले एकामागोमाग एक मान हलवून निघून जातात, आणि त्यानंतर रात्री घटकाभर मला एक स्टिअरिंग मिळते. तेवढ्या वेळात तरी फणसाचा विषय निघू नये, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

परंतु विषय टाकीच्या सभेत निघाला. काकांनी तपशीलवार निवेदन केले असावे, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरींनी मला थांबवून, एवढ्या लांब बॉनेटला दोन गाड्यांचे पार्किंग शुल्क लागू होईल, असे हसत हसत सांगितले; त्यांच्या हसण्यात मला ठराव मांडण्याची तयारी दिसली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा ‘चपटी पद्मिनी आली का हो?’ असे विचारून पळतो. आमच्या घरातही वातावरण फारसे अनुकूल नाही. “गणपतीचं त्यांनी बरोबर विचारलं,” एवढेच बायको म्हणाली, आणि पोळी तव्यावर टाकली.

शेवटी निव्वळ हा विषय संपावा म्हणून मी सौदामिनीची शेपटी ओढून लांब केली, उतरण मोडली आणि मागे चांगली चौकोनी डिकी काढली. वजन वाढले, स्पोर्टीपणाचे गुण घसरले आणि मागून पाहता ती खरोखरच तिच्या तथाकथित बहिणीसारखी दिसू लागली. काका राहिलेल्या सहीसाठी पुन्हा आले तेव्हा मी न बोलता खुर्ची फिरवून त्यांना पडदा दाखवला. त्यांनी डिकी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि समाधानाने माझ्या खांद्यावर थाप मारली.

“आता कसं! इथे सीएनजीची टाकी बरोबर बसेल.”