‘अब्राकाडब्रा’चा अरामी अर्थ: क्रियापदच चुकलंय

‘अब्राकाडब्रा हा अरामी शब्द. अब्रा म्हणजे मी निर्माण करतो, के म्हणजे जसं, दब्रा म्हणजे बोलतो.’ जादूगारांच्या या मंत्राबद्दलचा हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. (अरामी म्हणजे पश्चिम आशियातली, हिब्रूच्या जवळची एक प्राचीन भाषा.)

आधी ‘दब्रा’ घेऊ, खरी गफलत तिथेच आहे. द-ब-र धातूचं ‘बोलणे’ हे क्रियापद हिब्रूतलं: दिब्बेर, तो बोलला. अरामीत तोच धातू नेण्याचा, सोबत घेण्याचा. तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, ओंकेलोसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरामी भाषांतरात अब्राम सारायला घेऊन निघतो (उत्पत्ती १२:५), तिथे हाच धातू येतो. बोलण्याला अरामीत ‘मल्लेल’, म्हणण्याला ‘अमर’. (आपल्या ‘अमर’शी याचं काही नातं नाही. अरबीतला हुकमाचा अ-म-र मात्र याचाच भाऊबंद. आपले अमीर-उमराव तिथले.) तोरात पुन्हा पुन्हा येणारं ‘वय्दब्बेर… लेमोर’ (‘आणि तो बोलला… असं म्हणत’) ओंकेलोस ‘उमल्लेल… लमेमर’ असं करतो. दुसऱ्या क्रियापदाचा धातू तोच राहतो, पहिल्याचा त्याला बदलावाच लागतो.

‘अब्रा’चा धातू दोन्ही भाषांत आहे, हे मान्य. पण ‘मी निर्माण करीन’ हिब्रूत ‘एव्रा’ आणि अरामीत ‘एव्रे’. ‘के’ही हिब्रूत चालतो, फक्त मग ‘मी’ दाखवायला शेवटी ‘ई’ लागते: केदब्बेरी. ‘दब्रा’त हा ‘मी’ कुठेच नाही.

‘देवाने बोलून जग घडवलं, म्हणून अर्थ जुळतो’ असंही सांगतात. उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा: प्रत्येक वेळी ‘वय्योमेर’, म्हणजे म्हणण्याचं क्रियापद. दिब्बेर एकदाही नाही. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहातही जग दहा ‘मआमरोत’नी, म्हणजे वचनांनी, घडतं, धातू तोच, अ-म-र.

हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो सेरेनस सामोनिकस या रोमन लेखकाच्या लॅटिन वैद्यक-काव्यात. तापावरचा उपाय असा: शब्द लिहायचा, खालच्या प्रत्येक ओळीत शेवटचं एक अक्षर गाळायचं आणि तो कागद लिननच्या दोऱ्याने गळ्यात बांधायचा. रोमन लिपीत अक्षरं ११, म्हणून अकराव्या ओळीत एकच उरतं. अर्थ तो सांगत नाही, अरामीचं नावही घेत नाही.

अक्षरं झिजवणारा अरामी मंत्रच हवा असेल तर तो तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे (पेसाहीम हा भाग, पान ११२अ), रात्री पाणी पिणाऱ्याला आंधळं करणाऱ्या भुतावरचा: शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री.