२५२०चं ‘रहस्य’ लसाविच्या वहीत आहे

हा मजकूर तीन ग्रुपांवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण सहावीतल्या भाचीने गणित दिनाच्या भाषणासाठी तोच उतरवून घेतला, तेव्हा राहवेना. मजकूर असा: २५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. अशी संख्या गणितज्ञांना अशक्य वाटत होती, ती रामानुजननी शोधली. आणि तिचं रहस्य म्हणजे आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०!

एकमेव? ५०४० घ्या, ७५६० घ्या. २५२०ची कुठलीही पट चालते. ती त्यांतली सगळ्यांत लहान, इतकंच.

अशक्य? ८ × ९ × ५ × ७. झाला लसावि, म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या. असा लसावि काढायची रीत ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास लिहून ठेवली आहे.

पण खरा कहर त्या कॅलेंडरचा. ७ दिवस गुणिले ३० दिवस गुणिले १२ महिने, हे उत्तर आलं तरी कशाचं? ३० × १२ म्हणजे ३६० दिवस, तेही वर्षाला पाच कमीच. त्यांना परत ७ ने का गुणायचं? बरं, महिना ३१चा धरा: २६०४. पाचाने भाग जात नाही, आठाने नाही, नवाने नाही. फेब्रुवारीचे २८ धरा: २३५२. पुन्हा पाचाने नाही. म्हणजे हे विश्वाचं रहस्य फक्त एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरात चालतं! गुणाकार जुळतो, कारण ३० आणि १२ मिळून तीन २, दोन ३ आणि एक ५ देतात, आणि ७ आठवड्याकडून येतो. हाताची ५ बोटं × ७ वार × तीन दिवसांचे ७२ तास, हेही २५२०च. करा फॉरवर्ड.

रामानुजनचं नाव मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९१५ साली त्यांचा मोठा निबंध आला. विषय होता आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांचा. २५२० तशीच आहे: तिला ४८ विभाजक, त्याआधीच्या १६८०ला ४०. पण त्यांच्या तक्त्यात ती एक साधी ओळ आहे. तो तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जातो, आणि त्या संख्येला १०,०८० विभाजक आहेत! ज्या माणसाने तिथवर मजल मारली, त्याच्या नावावर सहावीचा लसावि खपवायचा?

भाचीने भाषण खोडलं आणि वही काढली. १ ते ११ साठी तिने २७,७२० काढलं. मग १२ साठी काही करावंच लागेना, तर म्हणाली, “मामा, बाराने आधीच कसा जातो?”