सत्तेचाळीस नंबर

आमच्या घरात शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा कॅन रिकामा झाला की पूर्वी तो भंगारवाल्याकडे जायचा. गेल्या डिसेंबरपासून तो माझ्याकडे येतो. तीनदा साबणानं धुतला तरी वास जात नाही, त्यामुळे वेताळ टेकडीवरच्या एका रोपाला दर रविवारी पाण्याबरोबर थोडी फोडणीही मिळते.

याचं मूळ कन्येच्या कॉलेजात आहे. ती एनएसएसमध्ये आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करायची. ब्रीदवाक्य ‘नॉट मी, बट यू’. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘मी नाही, बाबा, तू’ असा लावतात.

मुलांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. झाडं लावतात जुलैत. तेव्हा पाहुणे असतात, फलक असतो, एका रोपाला अकरा हात लागलेला फोटो असतो. रोप मरतं एप्रिलमध्ये, आणि तेव्हा तिथे काळं कुत्रं नसतं. मुलांच्या परीक्षा असतात. म्हणून त्यांनी ठरवलं की त्यांच्या पालकांनी रोपांचेही पालक व्हायचं. प्रत्येक रोपाला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधला होता. माझ्या वाट्याला ४७ नंबर आला. मेढशिंगी.

“गुलमोहर नव्हता का?” मी विचारलं.

तिथे एक टोपीवाला मुलगा होता. अंगानं काडीपैलवान, पण वनस्पतिशास्त्रात पैलवान. तो म्हणाला, “काका, गुलमोहर मादागास्करचा. इथे स्थानिक झाडंच लावायची.”

“मग ही टेकडीभर दिसतायत ती?”

“ते गिरीपुष्प. मध्य अमेरिकेतून आलंय. पूर्वी टेकड्या झटपट हिरव्या करायला लावलं.”

त्या हिशेबानं मी स्वतः कराडहून येऊन कोथरूडमध्ये रुजलोय, हे मी बोललो नाही. उपटतील म्हणून.

पहिल्याच रविवारी मी आळ्यात पडलेलं वाळकं गवत आणि पालापाचोळा गोळा करून लांब टाकला. आळं कसं लख्ख दिसायला लागलं. बायकोला दाखवायला फोटोही काढला. तो ग्रुपवर टाकल्यावर कळलं, की तो केर नसून आच्छादन होतं. ओल उडू नये म्हणून मुलांनी ते मुद्दाम पसरलेलं. माझ्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी आपणहून केलेली ही एकमेव साफसफाई, आणि तिची भरपाई म्हणून मला चार पोती गवत कापायला बसवलं. वणवा पसरू नये म्हणून टेकडीवर जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा एक पट्टाच साफ करून टाकतात. त्यातलं गवत आच्छादनाला चालतं. माझ्या कमरेला ते चाललं नाही.

पाच लिटर पाण्याचं वजन पाच किलो असतं असं शाळेत शिकवतात. ते पायथ्याशी. वेताळबाबाच्या देवळाकडे निघालेल्या माणसाच्या हातात ते किती होतं, याचा पाठ्यपुस्तकात कुठेही उल्लेख नाही. वेताळ टेकडी ही पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी आहे ही गोष्ट मी आजवर पाहुण्यांना अभिमानानं सांगत आलो होतो. हनुमान टेकडीवर काय वाईट होतं? पण माणसानं अभिमान कशाचा बाळगावा हे हातात कॅन आल्याशिवाय कळत नाही. त्यातून कॅनची मूठ तेल ओतण्याच्या सोयीची. ती बोटांना अशी कापते, की सोमवारी बँकेत सही करताना माझीच सही माझ्याशी जुळेना.

आणि वाटेवरचं ते बाकडं. तिथे सकाळी साडेसहापासून चार ज्येष्ठ नागरिक बसलेले असतात. फिरायला येतात म्हणे, पण त्यांना फिरताना मी पाहिलेलं नाही.

“काय, अभिषेक का?” पहिल्या रविवारी.

“कोथरूडचं पाणी इकडे वळवलं वाटतं!” दुसऱ्या रविवारी.

तिसऱ्या रविवारी कोणी काहीच बोललं नाही. नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते जास्त लागलं.

इथे एक कबुली देतो. निघताना पाच लिटर असलेलं पाणी वर पोचेपर्यंत साडेतीन व्हायचं. बाष्पीभवन, असं मी ग्रुपवर कळवलं. प्रत्यक्षात बाष्पीभवन माझ्या घशात व्हायचं.

तरी रोप तग धरून होतं. मार्चपर्यंत. मार्चमध्ये त्याची पानं पिवळी पडली, मग गळाली, आणि पाडव्याच्या आदल्या रविवारी मी वर गेलो तर आळ्याच्या मधोमध एक काटकी उभी. शेजारच्या ४६ नंबरच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलेली. त्याचे पालक म्हणजे आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी लिफ्टमध्ये लावणारा माणूस. त्याचं झाड जगतं आणि माझं मरतं!

मी काटकीसमोर उकिडवा बसलो. शेंगदाणा तेल बाधलं असेल का? की ते दीड लिटर? घरी जाऊन कन्येला काय सांगू? नापास झाल्याचं बापाला कसं सांगायचं याचा मला शाळेपासून अनुभव आहे, पण मुलीला कसं सांगायचं याचा नव्हता.

तेवढ्यात आळ्याच्या कडेला, हातभर अंतरावर, एक झुडूप दिसलं. हिरवंगार, पानं खरखरीत, वास जरा उग्र. पण तरतरीत. मी इकडेतिकडे पाहिलं. बाकडं दिसत नव्हतं. तार सोडवली आणि बिल्ला त्या झुडपाला बांधला.

त्यानंतरचे अडीच महिने मी गुन्हेगाराचं आयुष्य जगलो. दर रविवारी ग्रुपवर फोटो टाकावा लागे. मी फोटोत स्वतः पुढे आणि झुडूप मागे धूसर अशी रचना करायचो. “काका, तुम्ही छान दिसताय, पण झाड दिसत नाहीये,” असं एकदा टोपीवाल्यानं लिहिलं. मी त्याला अंगठा पाठवला. गंमत म्हणजे त्या काळात एकाही रविवारी बाष्पीभवन झालं नाही. अपराधी माणूस पाच लिटर पाणी पाच लिटरच वर नेतो. झुडूपही असं फोफावलं, की एप्रिलच्या उन्हात सेक्रेटरींच्या कडुनिंबाच्या डोक्यावरून बघायला लागलं. मला त्याचा लळा लागला. कोणी जवळपास नाहीसं बघून मी त्याच्याशी थकबाकीदारांच्या यादीबद्दल बोलायचो.

जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि त्याला फुलं आली. गुलाबी-पिवळे चिमुकले झुबके. मी इतका हरखलो, की गुन्हा केलाय हेच विसरलो. जवळून, स्पष्ट, चांगल्या उजेडात फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: “आमच्या मेढशिंगीला फुलं आली!”

ग्रुप वीस मिनिटं गप्प होता. मग टोपीवाल्याचा निरोप आला. “काका, मेढशिंगीची फुलं पांढरी असतात.” थोड्या वेळानं दुसरा. “ही घाणेरी आहे.”

पुढच्या रविवारी तपास पथक आलं. सोबत कन्या, माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघत. घाणेरीही अमेरिकेकडची, ब्रिटिशांच्या काळात बागेत शोभेसाठी आणलेली, आणि आता डोंगरच्या डोंगर गिळत सुटलेली, असं एका मुलीनं मला समजावलं. “आम्ही दर महिन्याला ती उपटतो काका. तुम्ही तिला अडीच महिने पाणी घातलंत?”

दोघांनी मिळून ती मुळासकट उपटली. मी तोंड फिरवलं.

“आणि हे बघ,” टोपीवाला म्हणाला. घाणेरीच्या आडोशाला माझी काटकी उभी होती. तिला शेंड्याला आणि अंगाला सगळीकडे पानं फुटली होती. कोवळी, पोपटी, लाजरी. मेढशिंगी उन्हाळ्यात पानं टाकते. पाणी वाचवायला. टेकडीवरची बरीच स्थानिक झाडं तेच करतात, आणि माणसांना वाटतं मेली. झाड जिवंत आहे का बघायचं तर साल नखानं जराशी खरवडायची. आत हिरवं असलं तर जिवंत. एवढं सोपं होतं. मी घाणेरीला घातलेलं पाणी उतारानं तिच्या मुळाशी जात होतं, हे त्यांनी उतार बघून माझ्या बाजूनं पुराव्यात धरलं.

कन्येनं वही काढली आणि ४७ नंबरपुढे लिहिलं: झाड जिवंत. मग जरा थांबून: पालक बदलण्याचा विचार व्हावा.

परतताना बाकड्यावरून आवाज आला, “कॅन रिकामाच नेताय का खाली?” मी उत्तर दिलं नाही.

पालक बदललेला नाही. दुसरा कोणी मिळाला नाही असं कन्या म्हणते. नवीन रोपं मात्र आली आहेत, आणि बिल्ले १२० पर्यंत गेलेत. परवा महिन्याच्या किराण्यात पाच लिटरच्या कॅनऐवजी तेलाचा पंधरा किलोचा डबा आला. मी बायकोला काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही.