धातूचा फोन, वर रबराचा सदरा

मेटल बॉडी, मेटल बॉडी म्हणत पाऊण लाख मोजायचे आणि नाशिकच्या एम. जी. रोडवरून निघायच्या आत दीडशेचं सिलिकॉन कव्हर चढवायचं! मग तो धातू बघतो कोण? कव्हर काढलं, तर साबणाची वडी. कोपऱ्यावर आपटला की काच जाते, वर फ्रेमला पोचा. तो पोचा सरळ केल्याशिवाय नवा डिस्प्ले नीट बसत नाही. कडेला फट, फटीतून धूळ. मे महिन्यात द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या होल्डरला लावा, दहा मिनिटांत तवा! ब्राइटनेस आपोआप खाली, नकाशा गायब. अख्खी पाठ धातूची, म्हणून वायरलेस चार्जिंग विसरा. धातू रेंज अडवतो, म्हणून त्यातच प्लॅस्टिकच्या पट्ट्या! वाकत नाही म्हणे सहजासहजी. खिशात घालून कुस्ती खेळायचीय का?