वटवाघूळ वैरी, त्वचेवरचा जंतू सोयरा?

निपाह या जीवघेण्या विषाणूची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरू लागतो: त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू आपला जन्माचा सोबती, निरुपद्रवी, मोठं फळखाऊ वटवाघूळ मात्र रोगांचा कारखाना, तेव्हा गावातल्या वडावरून त्यांना हाकला.

मुळात तुलनाच चुकली. वटवाघूळ विषाणू बाळगणारा प्राणी, एपिडर्मिडिस स्वतःच जंतू. घागर आणि पाणी यांत बरं कोण, असं विचारण्यासारखं हे.

‘वटवाघळं जवळ असली की निपाह होतो.’ नाही. विषाणू त्यांच्या लाळेत, मूत्रात असू शकतो, पण माणसापर्यंत यायला त्याला वाट लागते. बांगलादेशात ती वाट शिंदीच्या कच्च्या रसाची निघाली: रात्री वटवाघळं रस चाटतात, पहाटे लोक तोच न उकळता पितात. केरळातल्या कोझिकोडला 2018 मध्ये बहुतेकांना लागण रुग्णांकडून झाली, तीही मुख्यतः रुग्णालयांत. म्हणून बंदोबस्त वाटेचा करायचा. रसासाठी पाडलेली झाडाची खाच आणि मडकं बांबूच्या चटईने झाका, रस उकळा. दात लागलेलं फळ तेवढा भाग कापून खाऊ नका, अख्खं टाका. बाकीची धुऊन, सोलून खा. वटवाघूळ चावलंच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठा.

‘हाकललं की प्रश्न मिटला.’ फटाक्यांनी थवा मरत नाही, शेजारच्या चिंचेवर जातो. मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू. गोंधळात ते सुटून खाली पडतं आणि पोरं उघड्या हातांनी उचलतात. नसलेली वाट आपणच पाडली!

‘त्वचेवरचा जंतू निरुपद्रवी.’ अखंड त्वचेवर, बहुतेकदा हो. पण शिरेतली नळी, कृत्रिम सांधा किंवा हृदयाची कृत्रिम झडप मिळाली की तो तिच्यावर चिकट थर धरतो. त्या थरात प्रतिजैविकाची मात्रा नीट चालत नाही, बरेचदा नळीच काढावी लागते. दुसरा घोळ ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीचा. सुई टोचताना हाच जंतू बाटलीत जातो आणि धडधाकट रक्ताच्या रुग्णाला व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक विनाकारण सुरू होतं. ते टाळायला 70 टक्के अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक त्वचेवर 30 सेकंद घासायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. फुंकर नको, शीर चाचपायला पुन्हा बोटही नको. रक्त दोन वेगळ्या जागांहून घ्यायचं. एकाच जागेच्या रक्तात एपिडर्मिडिस वाढला तर तो बहुधा त्वचेवरचा. दोन्हींत वाढला, त्यात रुग्णाला नळी असली, तर त्याला ‘निरुपद्रवी’ म्हणून सोडता येत नाही.