सावजी खाऊन झोपलं तर उठायचं कोणत्या जगात?

चूक माझीच. नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता, शाळेला सुट्ट्या, पारा ४५ च्या वर, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, अन् घरात कुलर एकाच खोलीत, म्हणून अख्खं खानदान त्या एका खोलीत कोंबलेलं. आई, बाबा, बायको, नऊ वर्षांचं आमचं पोट्टं, अन् चार दिवसांसाठी म्हणून आलेला पण जायचं नाव न काढणारा साळा. सगळ्यांनी जरा गप्प बसावं एवढ्याच उद्देशानं मी 'अवेक' नावाची जुनी अमेरिकन सिरियल लावली. वीस मिनिटं बसले गप्प.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॉस एंजेलिसचा एक डिटेक्टिव्ह, मायकेल ब्रिटन, काम केलंय जेसन आयझॅक्सनं. कारचा अ‍ॅक्सिडेंट होतो. त्यातून उठतो तर बायको जिवंत, मुलगा गेलेला. झोपतो, उठतो, तर मुलगा जिवंत अन् बायको गेलेली. परत झोपला की परत बायको. एक जग खरं, एक स्वप्न, पण कोणतं कोणतं ते त्याला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, कारण कळलं की दोघांपैकी एक जण कायमचं जाणार. गोंधळ होऊ नये म्हणून मनगटावर रबर, बायकोच्या जगात लाल, मुलाच्या जगात हिरवं. दोन्ही जगात त्याला एकेक मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि दोघंही छातीठोक सांगतात की माझंच जग खरं, ते दुसरं तुझ्या डोक्यातलं. आपल्याकडे तर्री पोहेवाले सांगतात तसं, की ओरिजिनल मीच, तो समोरचा नंतर आला.

आता इतकी काळजाला हात घालणारी गोष्ट, पण आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो बाबांचा.

"हा झोपते कधी बे?"

म्हटलं काय?

"अबे, इकडे दिवसभर ड्युटी. झोपला की तिकडे दिवसभर ड्युटी. म्हणजे चोवीस तास जागाच हाय ना तो."

"म्हणूनच डोळ्याखाली काळं आलं बिचाऱ्याच्या," आई म्हणाली, अन् हे बोलताना ती खरंच हळहळली.

बायकोचा प्रश्न व्यवहाराचा होता. पगार दोन्हीकडे मिळते का? मिळत असन तर एकीकडचा दुसरीकडे नेता येते का? यावर साळा मांडी घालून बसला. हा माणूस एरवी गॅसचा नंबरसुद्धा लावत नाही, पण इथे त्यानं नियमच काढले. वस्तू जात नाही, शरीर जात नाही, फक्त आठवण जाते. आणि ते सिरियलमध्ये बरोबरही होतं, पहिल्याच भागात ६११ हा पत्त्याचा आकडा एका जगातून दुसऱ्या जगातल्या केसमध्ये येतो आणि त्यावरून ह्याचं डोकं चालते. इथे विषय संपायला हवा होता. पण साळा म्हणाला, "भाऊजी, मग एक सांगा. लाल जगात त्यानं रात्री सावजी मटण हाणलं अन् झोपला. हिरव्या जगात सकाळी पोट कोणाचं बिघडन?"

दीड तास. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगतो, दीड तास हे चाललं. साळ्याचं म्हणणं चव जाईल, जळजळ जाणार नाही, कारण चव आठवणीत असते आणि जळजळ पोटात. बाबा म्हणाले जळजळ ही आठवणच असते, मले १९८८ च्या एका लग्नातली अजून आहे. मध्ये लाइन गेली, कुलर बंद पडला, तरी कोणी उठलं नाही, उघड्या अंगावर ओला पंचा टाकून बाबा बोलतच होते.

मग आईनं, भाजी निवडता निवडता, एकदम बारीक आवाजात विचारलं, "हा दुपारचा झोपला तं?"

सगळे चूप. लाइन नुकतीच आली होती, कुलरमध्ये पाणी टपकत होतं तेवढाच आवाज.

खरंच सांगतो, ही सिरियल ज्यानं लिहिली त्या काइल किलनवर मला त्या क्षणी दया आली. माणूस हुशार आहे, पण वरण-भात-आमरस जेवून, वर पन्ह्याचा ग्लास रिचवून, मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांच्या गार वाऱ्यापुढे तो काही बसलेला नाही. रात्री एकदाच झोपणाऱ्या माणसाला दोन जगं परवडतात. आपल्या इथल्या माणसाचं काय होईल? दुपारी अडीचला लाल जगात पडला, तर हिरव्या जगात अडीचलाच उठेल की सकाळी सातला? अडीचला उठला म्हणजे तिकडे तो सकाळपासून झोपूनच होता, मग ऑफिसात त्याची हजेरी कोणी लावली?

"हजेरी लागते," सरकारी नोकरीतून रिटायर झालेले बाबा म्हणाले, "झोपूनही लागते. त्याचं टेन्शन घेऊ नको."

आणि मग ते त्यांच्या आवडत्या ठिकाणी गेलेच. दोन जगाचं काय घेऊन बसले तुम्ही, म्हणे आपलं नागपूरच पाहा. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री झोपलं ते मध्य प्रदेशची राजधानी म्हणून झोपलं, १ नोव्हेंबरला उठून पाहते तं मुंबई राज्यातलं एक गाव. आता डिसेंबरात अधिवेशन आलं की थोडे दिवस लाल रबर, मंत्र्यांच्या गाड्या, रंग मारलेले डिव्हायडर, बाकी सालभर हिरवं. त्या दुसऱ्या जगात आपण अजूनही राजधानी असू. आई म्हणाली त्या जगात तरी नळाला दुपारी पाणी येत असन.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. माझी खरी वाट लागली ती रात्री, गच्चीवर. गाद्या टाकल्या, पाणी शिंपडलं, सगळे आडवे झाले, अन् बायकोनं हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला निवडायचं असतं तं? मी की पोरगा?"

बाजूच्या चादरीतली हालचाल एकदम थांबली. पोट्टं जागं होतं.

ह्या प्रश्नाला उत्तर नाही हे मला कळत होतं, त्या डिटेक्टिव्हला तेरा भागांत जमलं नाही ते मला गच्चीवर काय जमणार, तरीही मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ज्या जगात एसी असन ते. त्यानंतर दोन दिवस मला दोन्ही जगांत चहा मिळाला नाही.

तेराही भाग चार दिवसांत संपले. शेवटी एकाच खोलीत बायको अन् मुलगा दोघंही समोर येतात, तो बघत राहतो, अन् संपलं, कोणी काही समजावून सांगत नाही. २०१२ मध्ये १ मार्चला सुरू होऊन २४ मेला बंद. अबे, आमचा कुलर यापेक्षा जास्त चालते.

रविवारी साळ्यानं सावजी मटण आणलं, "आपण प्रयोगच करू" म्हणून. खाल्लं, घाम पुसत पुसत खाल्लं, नाकातून पाणी आलं तरी रस्सा सोडला नाही, आणि दोनच्या सुमारास पडलो.

जाग आली तेव्हा कुलर बंद, उशी ओली, पडद्यातून तो मातकट पिवळा उजेड जो सकाळचाही असतो अन् संध्याकाळचाही. घड्याळात सहा दहा. म्हटलं मेलो, सोमवार. उठलो, पेस्ट लावली, ब्रश करत करतच इस्त्रीचा शर्ट शोधायला लागलो. घर चिडीचूप. आई नाही, बाबा नाहीत, किचनमध्ये कोणी नाही, गॅस थंड. तेवढ्यात हाताकडे लक्ष गेलं. मनगटावर हिरवं रबर. सांबाराच्या जुडीला असते ते. (बाहेरगावच्यांनी कोथिंबीर वाचावं.)

पोरगं सोफ्यावर बसून आंबा चोखत होतं.

"आई कुठं गेली बे?"

"कोणती आई?"

"अबे तुझी आई!"

त्यानं कोय बाजूला ठेवली, हात चड्डीला पुसले आणि अगदी मोठ्या माणसासारखं माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलं ना, परत परत विचारू नका म्हणून."

मला माहीत होतं की हे पोट्टं नाटक करून राहिलं आहे. शंभर टक्के माहीत होतं. पण दाराशी तिची चप्पल नव्हती. खिळ्यावर गाडीची चावी नव्हती. पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं झालं आणि पेस्टचा फेस हनुवटीवरून बनियानवर कधी उतरला ते कळलंच नाही. मी तसाच, ब्रश तोंडात धरून, गेटपर्यंत अनवाणी गेलो. फरशी अजून तापलेली होती, ते चटकेही नंतर आठवले.

तेवढ्यात अ‍ॅक्टिवा येऊन थांबली. मागं साळा, हातात भाजीच्या पिशव्या.

"काय झालं हो?" बायको घाबरलीच. मग माझा हात पाहिला, पोराकडे पाहिलं, अन् तिच्या सगळं लक्षात आलं. गेले काही दिवस जो चेहरा बंद होता तो जरासा उघडला. "माझ्यासाठी असे पळत आले?"

"भाऊजी, जळजळ होऊन राहिली का?" साळ्याला मागे राहवेना.

होत होती. चांगलीच.

"मग जग बदललं नाही. सिद्ध झालं."

"काही सिद्ध नाही होत," देवळातून परतणारे बाबा गेटबाहेरूनच ओरडले.

"आई," पोरगं म्हणालं, "आधी त्यांनी ब्रश केला. मग शर्ट शोधला. मग तुला."

ती काही बोलली नाही. पिशवीतून सांबाराची जुडी काढली, तिचं रबर सोडवलं. लाल होतं. माझ्याकडे एकदा पाहिलं, ते रबर आपल्या वेणीला गुंडाळलं, अन् आत गेली.